टॉर्चचा एलईडी बदलताना आधी रंग पाहा, मग लुमेन

नाशिककडे चांगल्या टॉर्चला काम पुष्कळ. हरिहर गडाच्या कातळपायऱ्या पहाटेच्या अंधारात गाठणारे ट्रेकर असोत, बिबट्याची धास्ती मनात ठेवून रात्रीच्या लाइटीवर पाणी भरायला निघालेले निफाड-सिन्नरचे शेतकरी असोत, सगळ्यांना भरवशाचा उजेड लागतो. महागड्या टॉर्चची बॉडी आणि स्विच वर्षानुवर्षं टिकतात, पण आतला एलईडी जुन्या पिढीचा राहतो. तो घरी बदलता येतो. वॉरंटी मात्र संपते, ती मुदत उलटू द्या.

बहुतेक जण जास्त लुमेनच्या, म्हणजे एकूण जास्त उजेडाच्या, मागे लागतात. माझं मत वेगळं आहे: रंग नीट दाखवणारा एलईडी घ्या. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावरचा फॉस्फर नावाचा पिवळा थर तो पांढरा भासवतो. त्यामुळे स्वस्त किंवा जुन्या एलईडीच्या उजेडात निळसर झाक राहते आणि लाल छटा मरतात. द्राक्षाच्या पानावरचा डावणी या बुरशीजन्य रोगाचा पिवळट तेलकट डाग अशा उजेडात सहज निसटतो. ‘सीआरआय’ (रंग किती खरे दिसतात त्याचं शंभरापैकी माप) ९० च्या वरचा आणि ४५०० किंवा ५००० केल्विनचा (उजेडाच्या पिवळट-निळसर छटेचं माप) एलईडी तोच डाग उठून दाखवतो. निचियाचा ५१९ए यासाठी उत्तम. शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी घडवला तो याच जपानी कंपनीत, आणि त्यासाठी २०१४ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. या एलईडीने लुमेन थोडे घटतात, पण डोळ्याला ते फारसं जाणवत नाही.

खरेदीआधी व्होल्टेज जुळवा, इथेच बहुतेकांचं काम फसतं. १८६५० मापाचा एकच लिथियम सेल आणि साधा ड्रायव्हर (एलईडीला वीज नेमून देणारं सर्किट) असेल तर ३ व्होल्टचा एलईडी लागतो. क्री कंपनीच्या एक्सएचपी५० सारखे मोठे एलईडी बहुधा ६ किंवा १२ व्होल्टचे असतात, त्या ड्रायव्हरवर ते चालणार नाहीत. दुसरं, आकार. क्रीचाच जुना एक्सएम-एल२ हा ५ बाय ५ मिलिमीटरचा, तर ५१९ए साडेतीन बाय साडेतीन मिलिमीटरचा. म्हणून रिफ्लेक्टरखालची, एलईडी मधोमध धरणारी प्लॅस्टिकची सेंटरिंग रिंगही नव्या मापाची मागवा. एलईडी आधीच तांब्याच्या चकतीवर बसवलेला घ्या, म्हणजे चिमुकला तुकडा तापवून चिकटवण्याची कसरत वाचते. चकती ‘डीटीपी’ (डायरेक्ट थर्मल पाथ) प्रकारची हवी, कारण तिच्यात एलईडीची उष्णता थेट तांब्यात उतरते. व्यास जुन्या चकतीइतकाच, बहुधा १६ किंवा २० मिलिमीटर. सोल्डर तार, फ्लक्स, मल्टिमीटर महात्मा गांधी रोडला मिळतील. चकतीची उष्णता बॉडीत पोचवणारी थर्मल पेस्ट कॉम्प्युटरच्या दुकानात.

आता काम. सर्वात आधी सेल बाहेर काढा. पुढची कडी रबरी हातमोजा घालून फिरवा. हलत नसेल तर तिथे लॉकिंगचा गोंद असतो, हेअर ड्रायरने तापवा. पक्कड लावू नका, बॉडीवर ओरखडे पडतात. काच आणि रिफ्लेक्टर उचलून स्वच्छ कापडावर पालथे ठेवा. रिफ्लेक्टरच्या आत बोट अजिबात लावायचं नाही, तो डाग पुसायला गेलं की चकाकीच जाते.

चकतीवरच्या तारांचा फोटो काढा, प्लस-मायनस लिहून ठेवा. चकती थोडी उचलून खाली लाकडाची पट्टी सरकवा, मग सोल्डर वितळवा. ही पट्टी विसरू नका: चकती बॉडीला टेकलेली असेल तर सगळी उष्णता ॲल्युमिनियम ओढून घेतं आणि सोल्डर वितळतच नाही. ६० वॉटचं सोल्डरिंग आयर्न बरं. साधं शिसं-कथिलाचं ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतं, त्यामुळे हात हलका ठेवला तरी चालतं. चकतीखालची जुनी पेस्ट स्पिरिटने पुसा आणि नवी अगदी पातळ लावा. जाड थर उष्णता अडवतो. तारा नव्या चकतीला जोडा, चकती दाबून बसवा.

मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून तपासा, एलईडी मंद उजळला की ध्रुव बरोबर. तारेचं टोक रिफ्लेक्टरला टेकत नाही ना, हेही पाहा; धातूचा रिफ्लेक्टर तिथेच शॉर्ट करतो. मग सेंटरिंग रिंग बसवून रिफ्लेक्टर ठेवा आणि भिंतीवर उजेड पाडा. मध्ये काळपट वर्तुळ दिसलं तर एलईडीची उंची चुकली आहे, रिंग बदला. एलईडीत थेट डोकावू नका.

शेवटी टॉर्च पूर्ण उजेडावर दोन-तीन मिनिटं हातात धरा. डोकं लवकर गरम होत असेल तर समाधान माना, उष्णता बाहेर येते आहे. उजेड निळसर होऊन उतरू लागला आणि डोकं मात्र थंडच राहिलं, तर ताबडतोब बंद करून पेस्ट पुन्हा लावा. सगळं ठीक वाटलं की ओ-रिंगला (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याला) सिलिकॉन ग्रीस लावून कडी घट्ट आवळा, नाहीतर इगतपुरीच्या पहिल्याच पावसात पाणी आत शिरेल.