कॅफेच्या वाय-फायवरून बँकेचे काम करताना

पणजीतील कॅफेत किंवा कळंगुटच्या गेस्ट हाऊसमध्ये बसून तेथील वाय-फायवरून बँकेचा व्यवहार करण्यास हरकत नसते. मात्र आपले रक्षण त्या वाय-फायचा पासवर्ड करीत नसून टीएलएस हा ब्राउझर आणि साइट यांच्यातील संवाद कुलूपबंद करणारा प्रोटोकॉल (नियमसंच) करतो, हे पक्के ठाऊक असावे. सीझनमध्ये शेकडो गिऱ्हाइकांना दिला जाणारा, भिंतीवर लिहिलेला पासवर्ड कसला गुप्त? डब्ल्यूपीए २ या वाय-फाय सुरक्षा पद्धतीच्या जाळ्यावर तो ठाऊक असलेली व्यक्ती, जोडणीच्या क्षणीचे संकेत टिपल्यास, इतरांच्या डेटाची वाहतूक उलगडू शकते.

म्हणून प्रथम ब्राउझरच्या सेटिंगमध्ये केवळ एचटीटीपीएस, म्हणजे टीएलएसने सुरक्षित केलेली, जोडणी स्वीकारण्याचा पर्याय सुरू करावा, आणि बँकेचा पत्ता मेसेजमधील लिंकवरून न उघडता स्वतः टाइप करावा. जोडणी होताना ब्राउझर आणि सर्व्हर प्रत्येकी एक तात्पुरती गुप्त संख्या निवडतात, तिच्यावरून काढलेला उघड भाग तेवढा एकमेकांना पाठवतात आणि दोघेही एकाच किल्लीपर्यंत पोहोचतात. दोन्ही उघड भाग ऐकणाऱ्याला मात्र ती किल्ली व्यवहारात काढता येत नाही. डिफी आणि हेलमन या संशोधकांनी १९७६ मध्ये मांडलेली ही कल्पना २०१८ च्या टीएलएस १.३ या आवृत्तीमध्ये केंद्रस्थानी आली. त्यामुळे सर्व्हरची कायमची किल्ली पुढे चोरीला गेली, तरी आज कोणी टिपून ठेवलेला संवाद तिने उघडत नाही.

पण किल्ली नेमकी कोणाबरोबर ठरली, हे या देवाणघेवाणीतून कळत नाही. ते काम सर्टिफिकेटचे, म्हणजे तो पत्ता त्याच सर्व्हरचा असल्याच्या डिजिटल दाखल्याचे. त्यामुळे जोडणी खासगी नसल्याचा इशारा दिसल्यास ‘पुढे जा’ कधीही दाबू नये. फोनची तारीख चुकली आहे का आणि कॅफेचे लॉगिन पान भरायचे राहिले आहे का, एवढे पाहावे. तरीही इशारा हटला नाही, तर मोबाइल डेटा वापरावा. उलटपक्षी, इशारा नाही म्हणजे साइट प्रामाणिक, असेही नव्हे, कारण फसव्या साइटलाही तिच्या स्वतःच्या पत्त्यासाठी सर्टिफिकेट सहज मिळते.

आपण कोणत्या साइटवर गेलो, हे वाय-फायच्या मालकाला बहुधा दिसतेच. व्हीपीएनने, म्हणजे आपली वाहतूक स्वतःच्या सर्व्हरमार्फत कुलूपबंद नेणाऱ्या सेवेने, ते झाकता येते, परंतु मग तीच माहिती व्हीपीएन कंपनीच्या हाती जाते, आणि निव्वळ बँकेच्या कामासाठी हा खर्च मला अनावश्यक वाटतो.