अल्टरनेटर उतरवण्याआधी काय काय मोजायचं

मोटर मेकॅनिकचा आयटीआय करून गॅरेजला लागलात की लवकरच ही तक्रार समोर येते: नवी बॅटरी टाकली, तरी सकाळी सेल्फ उचलत नाही. लगेच अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, उतरवू नका. बरेचदा तो धडधाकट असतो, त्याचा करंट बॅटरीपर्यंत पोचत नसतो.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसायला हवं. १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली, ११.९ च्या खाली जवळजवळ रिकामी. मग इंजिन चालू करून रेस १५०० ते २००० आरपीएमवर धरा. १३.८ ते १४.५ आलं, तर हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा डिफॉगर सगळं लावा, १३.५ च्या वर टिकायला हवं. लोड देताच घसरलं तर आधी बेल्ट बघा. सैल किंवा आतून चकाकी आलेला बेल्ट लोडवर घसरतो. उलट १५ च्या वर जात असेल तर बहुधा रेग्युलेटर (व्होल्टेज आवाक्यात ठेवणारा भाग) गेलाय. बॅटरीचं पाणी भराभर आटतं आणि बल्ब उडत राहतात.

आता ती टेस्ट, जी घाईत सगळे टाळतात. इंजिन आणि लाइट चालू ठेवून लाल प्रोब अल्टरनेटरच्या बी-प्लस बोल्टवर (जिथून करंट बॅटरीकडे जातो) आणि काळा बॅटरीच्या पॉझिटिव्हवर लावा. क्लॅम्पवर नाही, मधल्या शिशाच्या पोलवरच टेकवा. खराबी क्लॅम्प आणि पोल यांच्यामधल्या थरात असते. प्रोब क्लॅम्पवर ठेवला तर ती मापात येतच नाही. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आलं की वायर, लग (वायरच्या टोकाची कडी) किंवा क्लॅम्प व्होल्टेज खातोय. तसंच अल्टरनेटरची बॉडी ते निगेटिव्ह पोल मोजा, तिथे ०.२ च्या आत हवं. जास्त आलं तर इंजिनची अर्थिंग पट्टी सोडून घासा.

क्लॅम्पवरचा पांढरट-हिरवा थर गरम पाण्यात खायचा सोडा कालवून ब्रशने काढा. सेलची बुचं घट्ट हवीत. सोडा आत गेला तर ॲसिड मरतं. निगेटिव्ह आधी सोडायचा, शेवटी लावायचा. बी-प्लस बोल्ट इंजिन बंद असतानाही जिवंत असतो, पाना बॉडीला टेकला की मोठी ठिणगी पडते.

व्होल्टेज ठीक असूनही बॅटरी उतरते? मीटर एसीवर घेऊन चालू गाडीत बॅटरीवर लावा. ०.५ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर डायोडचा (अल्टरनेटरमधल्या एसीचा डीसी करणाऱ्या भागाचा) संशय धरा. गळका डायोड उभ्या गाडीतही बॅटरी पितो.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून ‘डायनामो’ तपासायची जुनी पद्धत कुणी कितीही अनुभवी माणसाने दाखवली तरी करू नका. बॅटरी सुटताच व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) जाऊ शकतो.

बऱ्याच नव्या गाड्यांत चार्जिंग ईसीयूच ठरवतो. चालत्या गाडीत १२.८ दिसलं म्हणून दोष धरू नका; लोड लावून बघा, स्कॅनर जोडा. निगेटिव्ह पोलवर सेन्सर असेल तर चार्जरची काळी पकड बॉडीच्या अर्थिंगला लावा.

पार उतरलेली बॅटरी अल्टरनेटरवर भरायला सोडणं चुकीचंच. आयडलवर तो कमी करंट देतो, तिकडे रिकामी बॅटरी जास्त ओढते. वाइंडिंग आणि डायोड तापतात. पंधरा मिनिटांच्या फेरीत ती भरतही नाही. ४५ अँपिअर-अवरची बॅटरी बाहेरच्या चार्जरवर ४ ते ५ अँपिअरने दहा-बारा तास लावा.

एवढं करूनही रात्रीत उतरत असेल तर निगेटिव्ह वायर सोडून मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर घेऊन वायर आणि पोल यांच्यामध्ये जोडा आणि गाडी लॉक करून अर्धा तास थांबा. ५० मिलिअँपिअरच्या आत हवं. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा; जो काढताच आकडा खाली येतो, ते सर्किट धरा. मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नका, त्याचा फ्यूज जातो.