नंबर नसलेल्या पेल्टियरची कुंडली कशी काढाल?

नाशिकच्या अंबड लिंक रोडला भंगारात वाइनच्या बाटल्या ठेवायचा छोटा फ्रिज मिळाला. आत कॉम्प्रेसर नाही, नुसती पेल्टियरची पांढरी वडी, ४० × ४० मिलिमीटरची; करंट दिला की हिची एक बाजू गार होते, दुसरी गरम. वर एक अक्षर नाही. अशी वडी हाती आली की थेट १२ व्होल्ट जोडायचा मोह होतो. जोडू नका. हीटसिंकशिवाय, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याशिवाय, ती बघता बघता तापते आणि आतलं सोल्डर सुटतं.

आधी टॉर्च लावून कडेने आतले काळे दाणे मोजा. कडेला सिलिकॉन असेल तर एका बाजूचं ब्लेडने हलकेच काढा, नंतर परत भरा. एका बाजूला १६ दाणे म्हणजे १६ × १६ = २५६; दोन जागा वायरींच्या, उरले २५४, म्हणजे १२७ जोड्या. बाजूला १२ असतील तर ७१ जोड्या. जोडीमागे साधारण ०.१२ व्होल्ट धरा: १२७ जोड्यांची कमाल सुमारे १५ व्होल्ट.

आता रेझिस्टन्स, आणि इथेच मल्टिमीटर फसवतो. वडीच्या दोन बाजूंत एका अंशाचा फरक असला तरी ती स्वतःच ५० मिलिव्होल्टच्या आसपास देते. बोट टेकवा, ओहमचा आकडा पळत सुटेल. म्हणून वडी दोन जाड ॲल्युमिनियमच्या तुकड्यांत दाबून तासभर ठेवा. शक्यतो सकाळी करा, एप्रिलच्या दुपारी आकडा वाढीव येतो. मग ५ व्होल्टचा चार्जर, ४.७ ओहम १० वॉटचा रेझिस्टर आणि वडी सिरीजमध्ये जोडा आणि जोडताक्षणी दोन्हींवरचे व्होल्ट टिपा. समजा रेझिस्टरवर ३.५, वडीवर १.५. करंट ३.५ ÷ ४.७ = ०.७४ अँपिअर, वडीचा रेझिस्टन्स १.५ ÷ ०.७४, म्हणजे २ ओहम. वायरी उलट करून परत मोजा, सरासरी घ्या.

१२७ जोड्यांसाठी १२ ला या ओहमने भागा: कमाल करंट ६ अँपिअर. बाजारात हीच १२७०६ म्हणून मिळते: १२७ जोड्या, ०६ अँपिअर. ७१ जोड्या असतील तर १२ ऐवजी ६.७ घ्या. कमाल व्होल्ट, कमाल अँपिअर आणि ०.६ यांचा गुणाकार म्हणजे थंडाव्याचे वॉट, इथे ५५ च्या आसपास. पण हे दोन्ही बाजू सारख्या तापमानाला असताना; फ्रिजमध्ये त्यातलं बरंच कमी हाती लागतं.

थंड बाजू कोणती, हे पेन्सिल सेलने कळतं. लाल वायर प्लसला, दोन-तीन सेकंद, आणि बोटांनी चाचपा. गार लागेल त्या बाजूला लगेच मार्करने खूण करा.