स्थलांतर आणि जन्मसिद्ध नागरिकत्व यांवर वादविवाद कसा करावा

‘लोक येतच राहतात, त्यांची मुले जन्मताच नागरिक होतात आणि तरीही ही माणसे इथली होत नाहीत.’ स्थलांतराच्या चर्चेत अशा आशयाचे वाक्य कानावर आले, तर त्याला लगेच होकार किंवा नकार देऊ नये, कारण त्यात तीन वेगळी विधाने एकत्र बांधलेली आहेत. पहिले प्रवेशाविषयी आहे, म्हणजे किती परकीयांना कोणत्या अटींवर देशात येऊ द्यावे याविषयी. दुसरे सदस्यत्वाविषयी आहे, म्हणजे देशात जन्मलेले मूल कोणाचे मानावे याविषयी. तिसरे एकत्र राहण्याविषयी आहे. पहिल्या प्रश्नाला धोरण आणि आकडे लागतात, दुसऱ्याला राज्यघटना आणि इतिहास लागतो, तर तिसऱ्याचे उत्तर शाळा, रोजगार, भाषा आणि दोन-तीन पिढ्यांचा काळ पाहिल्याशिवाय देता येत नाही. स्थलांतर कमी व्हावे, पण जन्माने मिळणारे नागरिकत्व टिकावे, असे एखाद्या व्यक्तीचे मत असू शकते आणि याच्या नेमके उलट मतही सुसंगत असू शकते. म्हणून चर्चेपूर्वी आज यांपैकी कोणता प्रश्न घ्यायचा आहे, ते एका वाक्यात लिहून सर्वांसमोर ठेवावे आणि चर्चा भरकटू लागली की त्या वाक्याकडे परत यावे.

त्यानंतर शब्द ठरवून घ्यावेत. निर्वासित, आश्रय मागणारा, मुदतीच्या व्हिसावर आलेला कामगार किंवा विद्यार्थी, व्हिसाची मुदत संपूनही राहिलेला आणि तपासणी चुकवून सीमा ओलांडलेला या पाच व्यक्तींची कायदेशीर स्थिती वेगवेगळी असते, आणि या सर्वांना एकाच नावाने संबोधले की पुढचा प्रत्येक युक्तिवाद चुकीच्या माणसाला लागू होतो. आश्रय मागणाऱ्याचे उदाहरण घेऊ. १९५१ च्या निर्वासितविषयक करारानुसार, धोका असलेल्या ठिकाणाहून थेट आलेल्या आणि विलंब न करता अधिकाऱ्यांसमोर हजर झालेल्या निर्वासिताला केवळ बेकायदा प्रवेशासाठी शिक्षा करता येत नाही. ‘तो कायदा मोडून आला’ एवढे म्हणून त्याच्यापुरता वाद संपत नाही, तो इथून पुढे सुरू होतो. मराठीत आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. ‘जन्मसिद्ध’ या शब्दाला ‘हक्क’ हा शब्द इतका चिकटलेला आहे की तो उच्चारताच निम्मा निकाल लागल्यासारखा होतो. शीर्षकात मी रूढ शब्दच ठेवला आहे, मात्र प्रत्यक्ष चर्चेत ‘जन्मस्थानावर आधारित नागरिकत्व’ आणि ‘वंशावर आधारित नागरिकत्व’ असे शब्द वापरणे दोन्ही बाजूंना न्याय देणारे आहे.

आता सदस्यत्वाच्या प्रश्नाकडे वळू. यात दोन अर्धसत्ये हमखास समोर येतात. एक बाजू म्हणते की जन्मस्थानावरून नागरिकत्व देणारा अमेरिका हा एकटाच देश आहे. हे खरे नाही, कारण कॅनडा, मेक्सिको, ब्राझील आणि अर्जेंटिना हे देशही तसे देतात. दुसरी बाजू म्हणते की प्रत्येक लोकशाही देशाची हीच रीत आहे. तेही खरे नाही. ब्रिटनने विनाअट तरतूद १ जानेवारी १९८३ पासून थांबवली, तर ऑस्ट्रेलियाने २० ऑगस्ट १९८६ पासून. भारताने १ जुलै १९८७ पासून आई-वडिलांपैकी एक नागरिक असण्याची अट घातली आणि डिसेंबर २००४ पासून ती आणखी कडक केली. आयर्लंडमध्ये २००४ साली सार्वमत झाले आणि सुमारे ७९ टक्के मतदारांनी हा विनाअट हक्क काढण्याच्या बाजूने कौल दिला. जर्मनी मात्र उलट दिशेने गेला. तिथे वंशाचे तत्त्व रुजलेले होते, परंतु १ जानेवारी २००० पासून, पालकांपैकी एकाचे तिथे ठरावीक वर्षे कायदेशीर वास्तव्य झाले असेल आणि त्याला कायम राहण्याचा हक्क असेल, तर परकीय पालकांच्या मुलालाही जन्मतः नागरिकत्व मिळू लागले. ही मुदत आधी आठ वर्षे होती, २०२४ मध्ये ती पाच वर्षे झाली. त्यामुळे ‘सगळे जग आमच्याच दिशेने चालले आहे’ असे कोणीही म्हटले, तरी त्याला यादी पूर्ण करायला सांगावे. शिवाय बदल कोणी आणि कोणत्या मार्गाने केला, हेही विचारावे. ब्रिटनमध्ये संसदेचा कायदा पुरेसा होता, पण आयर्लंडमध्ये तो हक्क राज्यघटनेत असल्याने लोकांकडे जावे लागले.

अमेरिकेतील वाद याच मुद्द्यावर अडलेला आहे, म्हणून त्यावर अधिक वेळ द्यावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालाने कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारले होते. यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये, चौदावी घटनादुरुस्ती संमत झाली. तिच्या पहिल्या वाक्याचा आशय असा की, अमेरिकेत जन्मलेल्या किंवा तिथे नागरिकत्व स्वीकारलेल्या आणि तिच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन असलेल्या सर्व व्यक्ती तिच्या नागरिक आहेत. ‘अधिकारक्षेत्राच्या अधीन’ या शब्दांवरच आजचा सारा वाद उभा आहे. मे १८६६ मध्ये सिनेटमध्ये पेनसिल्व्हेनियाचे एडगर कोवन यांनी चिनी आणि जिप्सी पालकांची मुलेही नागरिक होणार का, असा आक्षेप घेतला होता आणि कॅलिफोर्नियाचे जॉन कॉनेस यांनी चिनी पालकांच्या मुलांबाबत स्पष्ट होकार दिला होता. ‘घटनाकारांच्या हे कधी मनातच आले नव्हते’ असा दावा करणाऱ्याला हा संवाद वाचायला द्यावा.

त्यानंतरचे दोन निकाल दोन्ही बाजूंनी एकत्र वाचले पाहिजेत. १८८४ च्या एल्क विरुद्ध विल्किन्स खटल्यात न्यायालयाने म्हटले की, आदिवासी जमातीत जन्मलेला जॉन एल्क केवळ अमेरिकेच्या भूमीवरील जन्मामुळे नागरिक ठरत नाही. १८९८ मध्ये वोंग किम आर्क याच्या खटल्यात, सॅन फ्रान्सिस्कोत चिनी पालकांच्या पोटी जन्मलेला हा माणूस नागरिकच आहे, असा सहा विरुद्ध दोन मतांनी निर्णय झाला. हा निकाल आला तेव्हा चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा १८८२ चा कायदा लागू होता, हे विसरू नये.

येथे आपल्या जुन्या वादपद्धतीतील पूर्वपक्षाची शिस्त उपयोगी पडते. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला स्वतःला मान्य होईल इतक्या चांगल्या रीतीने आधी मांडावे आणि मगच उत्तर द्यावे. मर्यादा घालू पाहणाऱ्यांचा पूर्वपक्ष असा मांडता येईल: वोंग किम आर्कचे पालक देशात कायदेशीरपणे स्थायिक होते, त्यामुळे परवानगीशिवाय किंवा अल्पकाळासाठी आलेल्यांचा प्रश्न त्या निकालाने थेट सोडवलेला नाही, आणि एल्कच्या निकालावरून दिसते की ‘अधीन’ या शब्दाचा अर्थ केवळ कायद्याच्या आवाक्यात असणे एवढाच नसून पूर्ण निष्ठा असा आहे. तत्त्व टिकावे असे म्हणणाऱ्यांचा पक्ष असा: न्यायालयाने अपवाद मोजके सांगितले आहेत, म्हणजे परदेशी राजदूतांची मुले, भूभाग व्यापलेल्या शत्रूची मुले आणि स्वतंत्र सत्ता मानल्या गेलेल्या आदिवासी जमातींची मुले. शिवाय ज्या व्यक्तीला देश अटक करू शकतो, खटला चालवून तुरुंगात टाकू शकतो, ती त्याच्या अधिकारक्षेत्राबाहेर आहे असे म्हणता येणार नाही. मजकूर आणि पूर्वनिर्णय पाहता मला दुसरा पक्ष अधिक बळकट वाटतो, तरी पहिला पक्ष बिनबुडाचा म्हणून उडवून लावणे हा अभ्यासाचा अभाव आहे.

ताज्या घडामोडी मांडताना शब्द मोजून वापरावेत. २० जानेवारी २०२५ रोजी निघालेल्या कार्यकारी आदेशात वडील नागरिक किंवा कायम रहिवासी नसतील आणि आई बेकायदा किंवा केवळ तात्पुरत्या परवान्यावर देशात असेल, तर पुढे जन्मणाऱ्या मुलाला नागरिक मानू नये, असे म्हटले होते. म्हणजे विद्यार्थी किंवा एच-१बी व्हिसावरील जोडप्यांची मुलेही त्यात येत होती. कनिष्ठ न्यायालयांनी हा आदेश रोखला. २७ जून २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कनिष्ठ न्यायालयांना देशव्यापी मनाई देता येते का, एवढ्यापुरताच होता, मूळ घटनात्मक प्रश्नाला त्याने हात लावला नव्हता. तो निकाल आदेश वैध ठरवणारा होता असे कोणी सांगितल्यास ती चूक तिथेच दुरुस्त करावी आणि चर्चेच्या दिवशी न्यायालयीन स्थिती पुन्हा तपासून घ्यावी.

कायदा काय आहे, हे संपल्यावरच तो काय असावा, याकडे जावे. येथे मूल्यांचा संघर्ष खरा आहे. एका बाजूला, समाजाच्या संमतीशिवाय सदस्यत्व मिळू नये आणि नियम पाळून वर्षानुवर्षे रांगेत थांबलेल्यांवर अन्याय होऊ नये, ही भावना आहे. दुसऱ्या बाजूला, आई-वडिलांच्या कृतीची शिक्षा मुलाला होऊ नये आणि पिढ्यान्‌पिढ्या हक्कांविना जगणारा वर्ग देशात तयार होऊ नये, ही चिंता आहे. दोन्ही बाजूंना अवघड जाणारे प्रश्न विचारावेत. मूल झाले की पालकांना राहण्याचा परवाना मिळतो, असे म्हणणाऱ्याला सांगावे की अमेरिकी नागरिक असलेले मूल २१ वर्षांचे होईपर्यंत पालकांसाठी अर्ज करू शकत नाही आणि बेकायदा वास्तव्य एक वर्षाहून अधिक झालेल्या पालकाने देश सोडला, तर १९९६ च्या कायद्यानुसार त्याला सहसा दहा वर्षे परत येता येत नाही. मात्र नागरिक मुलांच्या पालकांना बाहेर काढणे प्रत्यक्षात कठीण जाते, हे दुसऱ्या बाजूनेही मान्य करावे. तसेच केवळ प्रसूतीसाठी केलेल्या प्रवासाचा प्रश्न व्हिसाच्या नियमांनी हाताळता येतो का, तो घटना बदलण्याइतका मोठा आहे का, हेही विचारावे.

बदल हवा असणाऱ्याला एक प्रश्न मी नेहमी विचारते: नव्या नियमानुसार कागदपत्र कोणी दाखवायचे? जन्मदाखला पुरेसा नसेल, तर प्रत्येक मातेला स्वतःचा दर्जा सिद्ध करावा लागेल, ज्यांच्या नागरिकत्वाबद्दल आज कोणालाच शंका नाही त्यांनाही. आणि नियम मागे जाऊन लागू होणार का? डॉमिनिकन रिपब्लिकच्या घटनात्मक न्यायालयाने २०१३ मध्ये नागरिकत्वाचा नवा अर्थ थेट १९२९ पर्यंतच्या जन्मांना लावला आणि मुख्यतः हैतीवंशीय असलेल्या, दुसरा कोणताही देश न पाहिलेल्या माणसांचे राष्ट्रीयत्व एका निकालाने धोक्यात आले. अमेरिकेनेही १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिकत्व स्वीकारण्यास पात्र नाही, असे ठरवले, तेव्हा आधीच नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. थिंड यांनी पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात सेवा केली होती. भविष्यासाठी नियम बदलावा का, यावर मी शांतपणे चर्चा करू शकते, पण दिलेले नागरिकत्व मागे जाऊन काढण्याला माझा ठाम विरोध आहे आणि तो मी चर्चेच्या आरंभीच सांगते.

आकड्यांबाबत एकच उदाहरण नीट समजून घेतले तरी पुष्कळ काम होते. १९८० मध्ये क्यूबाच्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख क्यूबन लोक काही महिन्यांत अमेरिकेत आले आणि मायामीतील कामगारसंख्या सुमारे सात टक्क्यांनी वाढली. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांना १९९० च्या अभ्यासात स्थानिक कामगारांच्या वेतनावर लक्षणीय परिणाम आढळला नाही. पुढे जॉर्ज बोर्हास यांनी शालेय शिक्षण अपुरे राहिलेल्या पुरुषांचा लहान गट वेगळा काढला, तेव्हा त्यांना वेतनात मोठी घट दिसली, आणि त्यावर इतरांनी नमुन्याच्या रचनेविषयी आक्षेप घेतले. यावरून कोणताही आकडा समोर आला की कोणता गट, कोणता काळ आणि कोणत्या शहराशी तुलना, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. सरकारी खर्चाच्या वादात ‘कोणती पिढी’ हा चौथा प्रश्न जोडावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१६ च्या अहवालानुसार पहिल्या पिढीचा राज्य आणि स्थानिक पातळीवर खर्च अधिक पडतो, त्यातही मुलांच्या शिक्षणाचा. पण तीच मुले मोठी झाल्यावर कर भरण्यात सर्वाधिक भर घालणाऱ्यांत असतात. एकाच अहवालातून दोन्ही बाजू आपापले वाक्य उचलतात.

सामावून घेण्याच्या प्रश्नावर कसोटी आधी ठरवावी. जर्मनीने १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला आणि १९७३ मध्ये भरती थांबवली. हे लोक परत जातील, असे गृहीत धरून त्यांच्या भाषाशिक्षणाची देशव्यापी व्यवस्था केली गेली नाही. ६०० तास भाषा आणि १०० तास समाजपरिचय अशा स्वरूपाचे अभ्यासक्रम २००५ च्या कायद्यानंतर आले आणि विस्तारले. ‘ते मिसळले नाहीत’ हे वाक्य अशा ठिकाणी अपुरे पडते, कारण मिसळण्याची दारे कोणी व कधी उघडली, हेही मोजावे लागते. त्याच वेळी भाषा शिकणे, कायदा पाळणे, मुलींना शाळेत पाठवणे ही अपेक्षा नवागतांकडून ठेवण्यात काही गैर नाही. माझी कसोटी अशी आहे की तक्रार माणसाला बदलता येईल अशा कृतीविषयी असली, तर ती चर्चेत घ्यावी. ती त्याच्या वर्णाविषयी, नावाविषयी किंवा जन्माविषयी असली, तर तो सामावून घेण्याचा प्रश्न राहत नाही.

चर्चा चालवणाऱ्याने उपस्थित व्यक्तीला तिचा किंवा तिच्या पालकांचा दर्जा विचारू देऊ नये, तिने स्वतःहून सांगितले तर ऐकावे. एखाद्याचे कुटुंब आपल्या वादाचा पुरावा ठरू लागले की तो माणूस बोलणे थांबवतो आणि चर्चेतील सर्वांत जाणता आवाज गमावला जातो. न्यायदर्शनाने, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राने, सत्याच्या शोधासाठीचा वाद, जिंकण्यासाठीचा जल्प आणि केवळ खंडनासाठीची वितंडा असे भेद केले आहेत. स्वतःचा कोणताही प्रस्ताव न मांडता नुसते खोडून काढणाऱ्याला ‘मग आपला नियम काय असेल, तो लिहून द्या’ एवढेच सांगावे.

शेवटची दहा मिनिटे नोंदीसाठी राखून ठेवावीत. कशावर एकमत झाले, कोणता मतभेद माहितीने सुटू शकतो आणि कोणता मूल्यांचा असल्याने उरला, असे तीन भाग करून ते दोन्ही बाजूंकडून वाचून घ्यावेत. पुढच्या बैठकीपूर्वी प्रत्येकाने वोंग किम आर्क निकालातील न्यायमूर्ती होरेस ग्रे यांचे बहुमताचे निकालपत्र आणि सरन्यायाधीश फुलर यांचे विरोधी मत, ही दोन्ही संपूर्ण वाचावीत, आणि ज्याला ग्रे पटतात त्याने बैठकीच्या आरंभी फुलर यांचा पक्ष मांडावा.