चर्चच्या संस्थेत वस्तीचं काम करायला येताय? आधी हे वाचून घ्या

एमएसडब्ल्यूचे, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचे, निकाल लागले की ओळखीपाळखीतून पोरं-पोरी विचारायला येतात, "ताई, तुमच्याकडे जागा आहे का?" काही तिरपुडे कॉलेजची असतात, काही मातृ सेवा संघाच्या समाजकार्य संस्थेतली. काही आमच्याच मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चची, डिग्री नाही पण मनात इच्छा आहे अशी. सगळ्यांना तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून टाकते. होम व्हिजिट म्हणजे काय, केस फाइल कशी ठेवायची हे तुम्हाला शिकवलेलं असतं, त्यात मी शिरत नाही.

माझं काम उत्तर नागपूरच्या वस्त्यांमध्ये आहे. नवरा वारलेल्या, नवऱ्यानं टाकलेल्या बाया, दारूनं खाल्लेली घरं, टीबीचा पेशंट असलेली घरं. संस्था लहान आहे, चर्चशी जोडलेली आहे. महिन्याची वीस तारीख उलटली की मी अजूनही गाडीत पन्नासाचंच पेट्रोल टाकते. तेव्हा मोठ्या यशस्वी बाईचा सल्ला म्हणून हे वाचू नका.

आधी आपलं गाव कसं आहे ते समजून घ्या. मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले, त्यांच्या नावाचं कॉलेज 1883 पासून आहे, आणि सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेही इथेच, 29 नोव्हेंबर 1970 ला. एवढं आमच्या संडे स्कूलमध्ये शिकवतात. शिकवत नाहीत ती दुसरी बाजू. मध्य प्रदेश सरकारनं 1954 मध्ये मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली, तेव्हा त्या राज्याची राजधानी नागपूरच होती. समितीचे अध्यक्ष डॉ. भवानीशंकर नियोगी, नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती. अहवाल 1956 ला आला. शाळा आणि दवाखान्यांच्या आडून धर्मांतर होतं, असा त्याचा ठपका. आणि त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारला, त्या सोहळ्यात दीक्षा घेणाऱ्यांत हे नियोगीही होते! ज्या गावात एवढं सगळं एका वर्षात घडलं, तिथे धर्म हा विषय कुणाला नवखा नाही आणि कुणाला हलकाही नाही. इंदोऱ्यात, टाकळीत, नारीकडे जाल तेव्हा हे डोक्यात असू द्या.

आता मुख्य गोष्ट. मीही यात फसले होते, म्हणून जरा लांबण लावणार आहे.

मदत आणि प्रार्थना एका वेळी, एका जागी, एका हातानं करू नका.

हे कसं घडतं ते सांगते, कारण घडताना यात काही वावगं आहे असं वाटतच नाही. शनिवारची दुपार. वस्तीतल्या एखाद्या विश्वासू बाईच्या घरासमोर ताडपत्री टाकलेली असते. किराण्याच्या पिशव्या रांगेनं मांडलेल्या असतात: तांदूळ, तूरडाळ, तेलाचं पाकीट, साखर, चहापत्ती, साबण. आपल्याकडे कुठलीही गोष्ट प्रार्थनेनंच सुरू होते, तेव्हा कुणीतरी म्हणतं, आधी दोन मिनिटं प्रार्थना करू. बाया डोक्यावर पदर घेतात, डोळे मिटतात. शेवटचं आमेन सगळ्यांचं मिळून एवढं जोरात येतं की आपल्याला भरून येतं. आपण घरी येऊन सांगतो, आज फार आशीर्वादित दिवस होता.

ज्या बाईच्या घरी तेल संपलंय, ती तेलाच्या पाकिटासमोर बसून आमेन म्हणणार नाही तर काय करेल? तिला नाही म्हणायची सोय तुम्ही ठेवलेलीच नाही. आणि ती काही भोळी नसते. तिनं मनातल्या मनात हिशेब मांडलेला असतो: ताईला हे आवडतं, म्हणजे यादीत राहायचं तर हे लागतं. तुम्ही शंभर वेळा सांगितलंत की मदतीला अट नाही, तरी तुमच्या तोंडाच्या शब्दापेक्षा ती ताडपत्री जास्त बोलते.

बाहेरचे काय म्हणतील, कोण मोबाइलवर व्हिडिओ काढेल, ही भीती असतेच आणि ती खरीही आहे. मला विचाराल तर खरं नुकसान त्याच्याही आधी होऊन गेलेलं असतं. तांदूळ आणि प्रार्थना एकदा जोडली गेली की त्या घरात तुम्हाला कुणी खरं सांगत नाही. नवऱ्याची दारू सुटली का? हो ताई, तुमच्या प्रार्थनेनं सुटली. मुलगी शाळेत जाते? रोज जाते. माझ्याकडच्या एका घरात असंच चाललं होतं. बाई उपासनेला नियमानं यायची, देवानं काय केलं याची सगळ्यांसमोर साक्ष द्यायची, आणि मोठी मुलगी मात्र दिवाळीपासून शाळा सोडून आईबरोबर धुणीभांड्यांना जात होती. मला ते सांगितलं अंगणवाडी सेविकेनं, तेही असंच चहा पिता पिता. बाईला वाटलं होतं, मुलीचं कळलं तर तिचं नाव कटेल. माझ्या फाइलमध्ये तोवर सगळं छान छान लिहिलेलं होतं. ते एक घर कळलं म्हणून कळलं, बाकी किती फाइली अशा आहेत याचा विचार केला की अजून पोटात गोळा येतो.

एका म्हाताऱ्या आजीनं मला हेच एका वाक्यात सुनावलं होतं. तिच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो. मी पिशवी ठेवली आणि सवयीनं हात जोडायला गेले. ती म्हणाली, "आमच्या बापानं धम्म घेतला तवा कोनी तांदूळ वाटत नोहतं वं माय." रागानं नाही म्हणाली. पिशवी घेतली, पाणी दिलं.

मग करायचं काय? वाटप वेगळ्या दिवशी, चर्चच्या आवारात नाही, शक्यतो कुणाच्या देवघरासमोर किंवा उपासनेच्या जागेतही नाही. समाजभवन किंवा अंगणवाडीचं अंगण मिळालं तर उत्तम. पिशवीवर बायबलच्या वचनाचं स्टिकर नको, आत कॅलेंडर नको. नाताळच्या आठवड्यात वाटप करायचा मोह होतो, पण घरांना खरी नड असते ती जूनमध्ये, वह्या-दप्तरांच्या वेळी, आणि पावसाळ्यात मिस्त्रीकाम बंद पडतं तेव्हा. कुणी स्वतःहून म्हणालं, "ताई, पोरासाठी प्रार्थना करा," तर तोंड फिरवू नका. पण त्याच वेळी पिशवी हातात असेल तर सांगा, पास्टरांना निरोप देते, तुम्ही बोलवाल तेव्हा ते येतील. मग कोण आलं, कोण नाही आलं, याची नोंद केस फाइलमध्ये एका अक्षरानंही नको.

यावर आमच्याच मंडळीतले विचारतात, मग यात ख्रिस्ती काय राहिलं? प्रश्न चुकीचा नाही, मलाही छळतो. मी एवढंच म्हणते की येशूनं दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, परत फक्त एक आला, आणि बाकीच्या नऊ जणांचा रोग काही परत आणला गेला नाही.

याला लागून एक कागदाची गोष्ट. शाळेच्या फॉर्ममध्ये धर्माचा रकाना तुम्ही भरू नका, आईबाप सांगतील ते आणि त्यांनीच. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात आज हिंदू, शीख आणि बौद्ध एवढेच बसतात. घर चर्चला यायला लागलं म्हणून एखाद्या उत्साही माणसानं पोराच्या नावापुढे ख्रिस्ती लिहून टाकलं, तर पुढे जातीचा दाखला, स्कॉलरशिप, सगळं लोंबकळतं. आणि कुणी खरंच बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं असेल तर हे त्याला आधी स्पष्ट सांगायला हवं. पास्टर लोक सांगत नाहीत, हा माझा जुना राग आहे.

घाबरू नका. पहिलं वर्ष असंच जातं, आपण काहीच करत नाही असं वाटत राहतं. पिशवी देऊन आल्यावर जेवढं बरं वाटतं, तेवढं कागद करून आल्यावर वाटत नाही. पण पिशवी पंधरा दिवसांत संपते. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला 1,500 रुपये आणि बालसंगोपन योजनेचे मुलामागे 2,250 रुपये सुरू झाले की घर जरा उभं राहतं. तेव्हा खरी मेहनत तिथे घाला.

त्यात सगळ्यात जास्त अडतं ते नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याशी. माणूस कामाला म्हणून बालाघाट-छिंदवाड्याकडे गेलेला असतो, तिकडेच वारतो, बाई अंत्यविधी करून इकडे येते. नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते, नागपूर महापालिका काही करू शकत नाही. 21 दिवसांत कळवलं तर सोपं असतं. वर्ष उलटलं की मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय होत नाही. म्हणून कुठल्याही विधवा बाईच्या घरी पहिल्या भेटीत मी हेच बघते, दाखला आहे का आणि त्यावरचं नाव आधारशी जुळतं का. दाखल्यावर "रामु", आधारवर "रामूजी", आणि एवढ्यावरून वर्षभर फेऱ्या.

निराधारची उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000. म्हणजे महिन्याला 1,750. दोन घरची भांडी घासणारी बाईसुद्धा यापेक्षा जास्त कमावते, हे सगळ्यांना माहीत आहे. चौकशीच्या वेळी काय सांगायचं ते वस्ती तिला शिकवतेच. तुम्ही शिकवू नका. उद्या दुसऱ्या कुणाच्या कागदासाठी तुम्हाला त्याच टेबलासमोर उभं राहायचं असतं.

कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानात अंगठा न उमटणं हीही रोजची कटकट. भांडी घासून बायांची बोटं गुळगुळीत झालेली असतात. सकाळी कामावर जायच्या आधी, हात कोरडे असताना अंगठा लावला तर बऱ्याचदा लागतो. नाहीच लागला तर घरातल्या दुसऱ्या कुणाचा चालतो, फक्त त्याचं नाव कार्डावर हवं आणि ई-केवायसी झालेलं हवं.

दाखले देणाऱ्या सेतू केंद्राबाहेरच्या एजंटांबद्दल माझं मत वाईट आहे. पाचशे रुपयांत दाखला आणून देतो म्हणणारा माणूस त्या बाईचं आधार, बँक पासबुक, फोटो सगळं घेऊन बसतो. घाईत असलात तरी नाहीच.

मुलांच्या बाबतीत तर शॉर्टकट म्हणजे थेट पोलीस स्टेशन. घरी बाप मारतो, आई ऐकते, म्हणून मूल उचलून ओळखीच्या होस्टेलला नेऊन सोडायचं, हे जुन्या लोकांनी केलं असेल. आज बाल न्याय कायदा 2015 आहे. मुलांच्या हेल्पलाइनला, 1098 ला, फोन करा, बालकल्याण समितीसमोर जा, ती सांगेल तसं. हेतू कितीही चांगला असो, वस्तीतली पोरं घेऊन स्वतः रेल्वेत बसू नका. आणि अशा मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो देणगीदारांना पाठवू नका, त्याला त्याच कायद्यात मनाई आहे. देणगीदार मागतातच. पाठीमागून काढलेला दप्तराचा फोटो पाठवा, तेवढ्यानं भागतं.

मार्गदर्शक कुणाला करायचं? मोठमोठ्या सेमिनारला बोलणाऱ्या फादर-पास्टरांच्या मागे लागू नका, त्यांना वेळ नसतो. संस्थेचा अकाउंटंट आणि वस्तीतली अंगणवाडी सेविका, या दोघांशी जमवून घ्या. सेविकेला कोणत्या घरात चूल पेटली नाही ते माहीत असतं. अकाउंटंट तुम्हाला सांगेल की परदेशी देणगीच्या कायद्यात 2020 ला बदल झाल्यापासून पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या खात्यातच उतरतो, प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या वर नेता येत नाही, आणि एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेला तो पैसा पुढे देता येत नाही. आधी मोठ्या संस्थेकडून आलेल्या पैशावर चालणाऱ्या आमच्यासारख्या लहान संस्थांचे हात तिथेच बांधले गेले.

भेटीला एकटे जाऊ नका. कॅथलिक पॅरिशमधले विन्सेंट दि पॉल सोसायटीचे लोक जोडीनंच घरोघरी जातात, ती पद्धत आपणही उचलावी. मे महिन्यात अकराच्या आत परत या, पंचेचाळीस डिग्रीत टिनाच्या खोलीत बसून कुणी मनातलं बोलत नाही. स्वतःच्या खिशातून उसने देऊ नका. कितीही जीव तुटला तरी नाही, नंतर त्या गल्लीतून जायलाच तुम्ही टाळाल.

आणि मुलाखतीला याल तेव्हा लाजू नका, विचारा. पेट्रोलचे पैसे वेगळे मिळतात का? मार्चमध्ये प्रोजेक्ट संपला की पगार थांबतो का, थांबला तर किती महिने? अपॉइंटमेंट लेटर मिळेल का? रविवारी उपासनेनंतर "जरा थांबा" म्हणून काम सांगतात का, त्याची बदली सुट्टी आहे का? शेवटच्या प्रश्नाला समोरचे हसून "हे तर सेवेचं काम आहे" म्हणाले, तर दुसऱ्या संस्थेतही अर्ज टाकून ठेवा.