बोवी चाकू घडवताना: पाते बिघडते ते कुठे?

बोवी चाकू म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हातभर लांबीचे अवजड पाते, टोकाकडे खोलगट कापलेली पाठ आणि पितळेचा जाडजूड गार्ड (मुठीच्या पुढची आडवी पट्टी) उभा राहतो. पहिली चूक इथेच होते. १९ सप्टेंबर १८२७ रोजी अमेरिकेतल्या नॅचेझ शहराजवळ मिसिसिपी नदीतल्या वाळूच्या पट्ट्यावर झालेल्या मारामारीमुळे जेम्स बोवीचे नाव या चाकूला चिकटले. पण त्याचा भाऊ रेझिन याने १८३८ मध्ये लिहिलेल्या पत्रात पहिल्या बोवी चाकूचे जे वर्णन आहे, ते शिकारीसाठी केलेल्या, सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद, एकधारी आणि वळण नसलेल्या पात्याचे आहे. ती खोलगट ‘क्लिप’ पुढच्या काळात या चाकूची ओळख बनली आणि इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या कारागिरांनी अमेरिकेच्या बाजारासाठी बनवलेल्या चाकूंनी ती रूढ केली. तेव्हा कागदावर आकृती काढण्याआधी आपल्याला रेझिनचा सरळ पाठीचा चाकू करायचा आहे की शेफिल्डचा क्लिपवाला, हे ठरवावे. दोन्हींची सरमिसळ केली की चाकू कोणत्याच काळातला वाटत नाही. जाता जाता एक सूचना: आपल्याकडच्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा वेगळा विचार केलेला आहे, म्हणून हौसेच्या कामात पाते नऊ इंचांच्या आत ठेवणेच शहाणपणाचे.

दुसरी चूक पोलादाच्या निवडीत होते. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा भंगारात स्वस्त मिळतो आणि मोह होतो, परंतु तो नेमक्या कोणत्या पोलादाचा आहे हे कोणी सांगू शकत नाही, आणि वर्षानुवर्षे वाकून त्यात न दिसणाऱ्या भेगाही पडलेल्या असू शकतात. पाटा ईएन ४५ या सिलिकॉनयुक्त पोलादाचा निघाला, तर तापलेल्या पोलादाला लोहचुंबक चिकटेनासा होताच ते तेलात घालण्याची नेहमीची युक्ती फसते, कारण त्याला ९०० अंश सेल्सियसच्या आसपास उष्णता लागते. नवशिक्याने १०८४ सारखे साधे कार्बन पोलाद विकत घ्यावे. पाटाच वापरायचा असेल तर बोटभर तुकडा कापून त्याला पाणी द्यावे, म्हणजे लाल तापवून एकदम निववून कडक करावे, आणि शिकंजात धरून, डोळ्यांवर चष्मा लावून तोडून पाहावा. तुटलेला भाग करड्या मखमलीसारखा बारीक दिसला तर ठीक. साखरेच्या दाण्यांसारखा चमकला तर तो जास्त तापला आहे, असे समजावे.

खरी गोम मात्र या चाकूच्या आकारातच आहे. मुठीजवळ पाते सहा मिलिमीटर जाड असते आणि क्लिपच्या टोकाशी ते जेमतेम दीड-दोन मिलिमीटर उरते, त्यामुळे भट्टीत मागचा भाग अजून मंद लाल असतानाच टोक नारिंगी होऊन जाते. अशा पात्याला पाणी दिले की टोक ठिसूळ आणि बूड मऊ राहते. त्यावर उपाय असा की भट्टीत जाड भिंतीचा लोखंडी पाइप ठेवून पाते त्याच्या आत तापवावे, आधी जाड भागाला उष्णता द्यावी आणि टोक शेवटी आत घेऊन पाते सतत मागेपुढे करावे. हे काम अंधाऱ्या जागी करावे, कारण उन्हात लाल रंग फिका भासतो आणि आपण नकळत जास्त तापवतो. चुंबक साधारण ७७० अंशांना सुटतो; १०८४ साठी त्याहून थोडे पुढे, सुमारे ८१५ अंशांपर्यंत जावे. त्याआधी पाते तीनदा तापवून, दर वेळी थोडे कमी, स्थिर हवेत निवू द्यावे. घणाच्या घावांनी साठलेला ताण त्याने उतरतो. हा टप्पा गाळला जातो आणि मग पाते केळ्यासारखे वाकल्याची तक्रार होते.

कोयत्याला पाणी देतात म्हणून याही पात्याला पाण्यात बुडवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. माझ्या पहिल्या पात्यातून पाण्यात शिरताक्षणी ‘टिच्च’ असा बारीक आवाज आला होता. मी तो मनावर घेतला नाही. दोन दिवस घासून झिलई आल्यावर, मुठीत जाणारी शेपटी जिथे पात्याला मिळते त्या कोपऱ्यातून केसासारखी रेघ वर चढलेली दिसली. पाणी तर कारणीभूत होतेच, पण मी तो कोपरा कानशीने काटकोनात कापला होता आणि भेग तिथूनच सुटली. आता तो कोपरा गोल कानशीने वळवतो, धारेची जाडी दीड मिलिमीटरच्या खाली जाऊ देत नाही, आणि ५५ अंशांपर्यंत कोमट केलेल्या पातळ तेलात पाते सरळ उभे घालतो. तेल झाकण असलेल्या धातूच्या भांड्यात असावे, कारण ते पेट घेऊ शकते. पाते तेलात आडवे हलवले तर ते वाकते.

तेलातून काढल्यावर कानस धारेवर काचेवरून घसरावी तशी घसरली पाहिजे. ती धरली तर लगेच निराश होऊ नये: वरचा कार्बन जळालेला पातळ थर मऊ असतो, तो थोडा घासून पुन्हा तपासावे. त्यानंतर लगेच, पुढच्या दिवसावर न ढकलता, २०० ते २२० अंशांत दोन-दोन तास दोनदा पाते भाजावे. घरच्या ओव्हनची खुंटी खोटे बोलते, म्हणून आत वेगळा तापमापक ठेवावा. पाते थोडे वाकलेले असेल तर याच वेळी सरळ पट्टीला किंचित उलट्या बाजूने कसून बांधावे. थंड पात्यावर हातोडा मारला तर दोन तुकडे हाती येतात.

मग ग्राइंडरवर क्लिपला आकार देताना हातमोजे काढावेत आणि बोटाला चटका बसण्याआधी पाते पाण्यात बुडवावे. टोकावर निळा रंग चढला की तिथला कडकपणा गेला, आणि रंग घासून काढल्याने तो परत येत नाही.

गार्डची खाच मोठी होऊन फट पडते, तीही घाईने. शेपटीला काजळी फासून, जिथे काळे लागेल तेवढेच कानशीने काढत जावे. मूठ अंडाकृती ठेवावी, कारण गोल मूठ हातात फिरते; शिसमाचे लाकूड ओलसर असेल तर उन्हाळ्यात ते आकसून रिवेटांच्या कडा वर येतात. म्यानासाठी क्रोमने कमावलेले चामडे टाळून, कोल्हापुरी चपलेसाठी वापरतात तसे बाभळीच्या सालीने कमावलेले घ्यावे, पण चाकू त्यात कायमचा ठेवू नये. पावसाळ्यात चामडे ओल धरते आणि पितळेवर हिरवा, पात्यावर तांबडा डाग उठतो. पाते तेलाचा हात फिरवून म्यानाबाहेरच ठेवावे.