कावीळ बरी झाली, पण लागण संपली का? असं तपासा

उपचार संपले की घरात पहिला प्रश्न येतो ताट-वाटी वेगळी ठेवायची का, हा. आधी रिपोर्टवर हिपॅटायटिस (विषाणूमुळे होणारी कावीळ) ए, बी, सी की ई, काय लिहिलंय ते बघा.

सी असेल तर सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर या गोळ्यांचा कोर्स बहुतेकांना 12 आठवड्यांचा असतो; सिरॉसिस (लिव्हरवर कायमचे व्रण पडून ते कडक होणं) असल्यास डॉक्टर औषध किंवा मुदत बदलतात. शेवटच्या गोळीची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि तिथून 12 आठवड्यांनी 'एचसीव्ही आरएनए' ही रक्तात सीचा विषाणू आहे का ते दाखवणारी तपासणी करा. विषाणू सापडला नाही, तर तुमच्याकडून कुणालाही लागण होत नाही. गोळ्या संपल्या त्याच दिवशीचा रिपोर्ट यासाठी पुरत नाही, कारण विषाणू नंतर पुन्हा वर येऊ शकतो.

गोंधळ होतो तो 'अँटी-एचसीव्ही'मुळे. ही तपासणी बरं झाल्यावरही बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह येते. ती विषाणू नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी शोधते, आणि विषाणू गेला तरी त्या राहतात. म्हणून ती पुन्हा पुन्हा करण्यात पैसे घालवू नका. ऑपरेशनआधी ती करतातच, तेव्हा आरएनएचा रिपोर्ट फाइलमध्ये जवळ ठेवा. रक्तदान मात्र कायमचं बंद. आणि सी एकदा बरा झाला तरी पुन्हा होऊ शकतो: सोलापूरच्या गड्डा यात्रेत गोंदवायचं असेल तर सुई आणि शाईची वाटी दोन्ही नवी आहेत का, ते बघूनच हात पुढे करा. सिरॉसिस झालेला असेल तर दर 6 महिन्यांनी सोनोग्राफी चालूच ठेवायची.

बी, म्हणजे आपल्याकडची 'पांढरी कावीळ', हिचं गणित वेगळं. टेनोफोव्हिर किंवा एंटेकाव्हिर हे औषध विषाणू दाबतं, मुळापासून क्वचितच काढतं. एचबीएसएजी (बी विषाणूची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आहे तोवर लागण होऊ शकते असंच धरून चला. बरं वाटतंय म्हणून गोळी मनाने थांबवली, तर आजार उसळून लिव्हर निकामी होऊ शकतं. घरच्यांची तपासणी करून 0, 1 आणि 6 महिन्यांनी लस द्या. आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला 24 तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन). रेझर, ब्रश, नेलकटर वेगळे. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. जेवणातून, मिठी मारल्याने बी किंवा सी पसरत नाही.

ए आणि ई पाण्यातून येतात आणि बहुतेकांच्या आपोआप बऱ्या होतात. कावीळ दिसल्यावरही काही आठवडे शौचातून विषाणू जाऊ शकतो, म्हणून तोवर रुग्णाने इतरांसाठी स्वयंपाक करू नये. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून साठवण अटळ आहे: पिण्याचं पाणी उकळी आल्यावर किमान 1 मिनिट उकळा, झाका, लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढा. गरोदर बाईला कावीळ झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ई तिला जीवघेणा ठरू शकतो.

बी-सीची तपासणी आणि औषधं सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत मिळतात. आधी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये चौकशी करा.